माशीच्या अंगावरचं मेण

सुनंदे,

परवा आपल्या प्रयोगशाळेत तुझी शोकसभा झाली. टेबलावर पांढरी चादर, त्यावर तुझा फोटो, फोटोला झेंडूचा हार, आणि समोर सगळे हात बांधून बसलेले. एकेक जण उठून बोलला. तू मनमिळाऊ होतीस म्हणे. मृदुभाषी होतीस. आयुष्यात कुणाचं मन दुखवलं नाहीस. मला हसू आवरेना. तोंडाला पदर लावून मी मान खाली घातली, तर शेजारच्या बाईंना वाटलं मी हुंदके देतेय. त्या माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या, आणि त्या हातानं मग मला खरोखरच रडू आलं.

मृदुभाषी म्हणे. पहिल्याच भेटीत मला केस धुवायला घरी पाठवणारी बाई मृदुभाषी.

तो दिवस मी इतक्या जणांना सांगितलाय की आता तुला सांगायला हरकत नाही. मी कीटकशास्त्राची, सेलूहून नवी नवी आलेली. नोकरीला निघाले म्हणून आईनं डोक्याला तेल चोपडून घट्ट वेणी घालून दिली होती. हातात फळमाश्यांची डबी घेऊन मी तुझ्या खोलीच्या दारात उभी राहिले. तू रसायनशास्त्राची, यंत्राची मालकीण. वळून पाहिलंस. माझं नाव विचारलं नाहीस, गाव विचारलं नाहीस. विचारलंस ते एवढंच, की डोक्याला कोणतं तेल लावलंय. मी सांगितलं, बाजारात मिळतं ते वासाचं. त्यावर तू म्हणालीस, "त्यात खनिज तेल असतंय. माझ्या यंत्राला तुझ्या माशीचं मेण अन् तुझ्या डोस्क्याचं तेल येगळं कळत न्हाई. जा, धुऊन ये."

धुऊन आले. रागानं आले. ओल्या केसांनी तुझ्यासमोर बसले आणि मनाशी ठरवून टाकलं की या बाईशी आपलं काही जमायचं नाही. ते खरंच ठरलं. दोन तपं आपलं एका गोष्टीवर धड जमलं नाही, आणि त्या दोन तपांत तू रजेवर असलीस की मला दिवस खायला उठायचा. हे तुला मी कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तू मान वर न करता म्हणाली असतीस की मग तू पण रजा घे.

बाहेरच्या माणसाला आपलं काम समजावून सांगायचं म्हणजे पंचाईतच. लोक विचारायचे, माश्या मारता का. तू सांगायचीस की मारत नाही, आंघोळ घालतो. आणि ते शब्दशः खरं होतं. पेरूत, काकडीत, कारल्यात अंडी घालून फळ आतून नासवणारी ही चिमुकली माशी. तिच्या कडक कातडीच्याही वर मेणाचा एक पातळ थर असतो, डोळ्यांना न दिसणारा. परभणीच्या उन्हात माणूस डोक्याला रुमाल बांधून निघतो, तशी ही मेण लेवून निघते. ते नसेल तर अंगातलं पाणी उडून जाऊन वाळून पडेल. पण मेणाचं काम तेवढ्यावर संपत नाही. नर जवळ आला की मादी पुढच्या पायांनी त्याला चाचपते, बाई दुकानात साडीचा काठ चिमटीत धरून पोत बघते तशी. मेणाचा पोत ओळखीचा वाटला तर थांबते, नाही तर उडून जाते.

तेच मेण आपण काढायचो. माशी हेक्झेनमध्ये बुडवायची. पाण्यासारखा दिसणारा, पेट्रोलच्या जातकुळीतला तो द्रव. त्यात मेण सुटून येतं. मग ते तुझ्या यंत्रात जायचं आणि पडद्यावरच्या रेषेत शिखरं उठायची, मेणातल्या एकेका घटकाचं एकेक शिखर. मला नुसती नक्षी दिसायची. तुला त्यात ओळखीपाळखीची माणसं दिसायची. हा थोरला आला, ही त्याच्या मागून येणारी बारकी, हा आगाऊ कोण मधेच घुसलाय, असं तू पुटपुटत बसायचीस. यंत्र परदेशातून आलं तेव्हा आपण "जगात जर्मनी, भारतात परभणी" म्हणून त्याला नारळ फोडला होता. पहिल्याच मे महिन्यात त्यानं मान टाकली, आणि तू त्याच्या अंगावर ओला टॉवेल टाकायला निघाली होतीस. मी अडवलं म्हणून ते वाचलं. हे उपकार तू कधी मान्य केले नाहीस.

त्या दिवसांतली आपली फजितीही सांगायला हवी, कारण शोकसभेत ती कुणी सांगितली नाही. आणि तू कशी होतीस हे कळायला तिच्यासारखी दुसरी गोष्ट नाही.

उन्हाळ्यातल्या माश्यांच्या मेणाच्या रेषेत आपल्याला एक वेगळाच फुगवटा दिसायला लागला होता. हिवाळ्यात नसायचा, ऊन तापलं की यायचा, पावसाळा लागला की जायचा. आपण दोघी हरखून गेलो. परभणीचं ऊन सोसायला माशी जास्तीचं, निराळंच मेण करते, असं आपण वार्षिक बैठकीत मांडलं. टाळ्या पडल्या. तेव्हाच्या साहेबांनी सगळ्यांना पेढे दिले. मला तर वाटलं, आता आपलं नाव झालं.

पुढच्या वर्षी तू काय केलंस, तर माश्या पाळायच्या पिंजऱ्याची रिकामी जाळी कापून हेक्झेनमध्ये बुडवलीस. माशी नाही, काही नाही, नुसती जाळी. तोच फुगवटा. तुझा चेहरा मला अजून दिसतो. तू तशीच उठलीस, पिंजरे ठेवायच्या लाकडी घोडीपाशी खाली बसलीस आणि तिच्या पायावरून बोट फिरवून माझ्यापुढे धरलंस. व्हॅसलीन. माश्यांच्या साखरेला मुंग्या लागू नयेत म्हणून एरवी आपण घोडीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचो. उन्हाळ्यात वाट्या दुपारपर्यंत कोरड्या पडायच्या, म्हणून तेवढ्या दिवसांपुरतं पायांना व्हॅसलीन फासायचं. तेच हात जाळीला लागायचे, जाळीवर माश्या बसायच्या. ऊन, फुगवटा आणि व्हॅसलीन यांची वेळ इतकी बिनचूक जुळत होती की देवानंही फसावं.

साहेब म्हणाले, छापलेलं कुठं काही नाही, आता सोडून द्या, येत्या बैठकीत विषयच काढू नका. तू ऐकून घेतलंस. आणि त्या बैठकीत सगळ्यांआधी उठून, घसा साफ करून सांगितलंस की गेल्या वर्षी आम्ही ज्याला माशीचं मेण म्हणालो ते घोडीच्या पायाचं व्हॅसलीन होतं. सगळे पोट धरून हसले. तूही हसलीस. खाली बसताना माझ्या कानात म्हणालीस, "आता रातच्याला झोप लागंल."

मला लागली नाही, मला आठवडाभर लाज वाटत होती. पण त्यानंतर तू एखादी गोष्ट खरी आहे म्हणालीस की मी ती पुन्हा तपासायची सोडून दिली. तुझ्याशी भांडायची तेवढी सोडली नाही.

आणि आपलं सगळ्यात मोठं भांडण नरांवरून झालं. फवारण्या कमी करायची ती योजना. पिंजऱ्यात नर वाढवायचे, किरणं देऊन त्यांना निर्बीज करून घ्यायचं, आणि बागेत सोडायचे. बागेतल्या माद्या त्यांच्याशी जुळल्या की अंडी पडतील पण त्यातून अळी निघणार नाही. कागदावर फार देखणी योजना. येलदरीच्या बाजूला धरणाच्या पाण्यावरची एक पेरूची बाग होती, तिथे आपण नर सोडले आणि दिवस मावळताना झाडांखाली बसून बघत राहिलो. माद्या यायच्या, आपल्या नरांना चाचपायच्या आणि उडून जायच्या. इतक्या लाडानं वाढवलेली पोरं, आणि एकही स्थळ जमेना. बागवाला मालक आपल्याला म्हणाला, "मॅडम, तुमच्या पोरांत काय तरी खोट हाय." तू त्याला म्हणालीस की पोरांत नाही, कपड्यांत खोट आहे. आणि मेण काढून पाहिलं तर तसंच निघालं. पिंजऱ्यातल्या नरांचं मेण बागेतल्या नरांपेक्षा वेगळं होतं.

इथपर्यंत आपलं एकमत. वेगळं का, यावर मात्र जी जुंपली ती जुंपली. तुझं म्हणणं, सगळं खाण्यावर आहे. पिंजऱ्यातल्या अळ्या गव्हाच्या कोंड्यावर वाढतात, बागेतल्या पेरूच्या गरावर. खाईल तसं मेण होईल. पेरू खाऊ घाला, नर सुधारतील. माझं म्हणणं, खाण्याचा संबंध नाही. कितीतरी पिढ्या पिंजऱ्यात काढून त्या माश्यांचा वाणच बदललाय, आता अमृत पाजलं तरी त्या तसंच मेण करणार. बागेतून ताजा वाण आणत राहावं लागेल. तुझं खरं निघालं तर काम सोपं, पेरूचा गर उकळला की झालं. माझं खरं निघालं तर जन्माची कटकट. तू म्हणायचीस, "तुला कटकटच पाहिजेल असती, विजे." मी म्हणायची, तुला गोड तेच खरं वाटतं. मग दोन दिवस बोलणं बंद. तिसऱ्या दिवशी तू तुझ्या गावाहून, चुडाव्याहून गाडीनं येताना डब्यात माझ्यासाठी जास्तीची भाकरी आणायचीस, आणि मला कळायचं की हुज्जत पुन्हा सुरू करायला हरकत नाही.

तुझ्या हट्टामागे नुसती माशी नव्हती हे मला फार उशिरा कळलं. त्याच येलदरीच्या बागेत आपण गळालेले पेरू वेचत होतो. मी नेहमीप्रमाणे म्हणाले, जे वाणात आहे ते आहे, त्याला कोण काय करणार. तू कमरेवर हात ठेवून सरळ उभी राहिलीस. तुझे आईवडील दर साली ऊसतोडीला जायचे हे मला माहीत होतं. तुला आत्यानं चुडाव्यात मागं ठेवून घेतलं आणि भावंडं गाडीत बसून गेली, हे माहीत नव्हतं. तू म्हणालीस, "एका आईची पोरं आमी. मी मागं राहिले म्हून शिकले, ते उसाच्या पाचटात वाढले म्हून न्हाई शिकले. रगत एकच. अन् तू मला सांगायलीस की सगळं जन्मावर असतंय."

मी म्हणाले, मी माणसांबद्दल बोलत नाही, माशीबद्दल बोलतेय. तू म्हणालीस, ते मला ठाऊक आहे. आणि परत वाकून पेरू वेचायला लागलीस. परतीच्या वाटेवर तुझ्या शेजारी बसून मला पहिल्यांदा वाटलं की या एका भांडणात आपण हरलो तर बरं होईल. तरी माझं मत बदललं नाही. वाटणं वेगळं आणि मत वेगळं, हे मला तूच शिकवलंस.

शेवटी कसोटी लावायचं ठरलं. पिंजऱ्यातल्या माश्यांची अंडी पेरूत वाढवायची, बागेतल्या माश्यांची अंडी कोंड्यावर. मेण खाण्याच्या मागे जातंय की वाणाच्या, ते दिसेल. सगळी मेणं तू काढलीस, तुझ्या हातांनी. तेव्हा तुझी तब्येत पार बिघडली होती आणि मी म्हणत होते की राहू दे, मी काढते. तू मला खोलीत येऊ दिलं नाहीस. एकेक काचेची कुपी हेक्झेननं धुऊन, वाळवून, पुन्हा धुऊन. अर्धं मेण चाचणीसाठी, अर्धं राखून. कुप्यांची झाकणं घट्ट केलीस, थंडपेटीत ठेवलीस, आणि म्हणालीस की दवाखान्यातून आले की यंत्रावर चालवू.

तू आली नाहीस. मी तुझ्या दवाखान्याबद्दल काही लिहिणार नाही. तिथली तू मला ओळखीची वाटली नव्हतीस. एकदा मात्र नर्सनं हातमोजे न बदलता कापूस उचलला तेव्हा तू तिला थांबवलंस, आणि मला धीर आला की आत अजून तूच आहेस.

तेरावा झाल्यावर मी त्या कुप्या चालवल्या. घाई होती म्हणून नाही. मला तुझ्या हातचं काहीतरी हवं होतं, आणि तुझ्या हातचं तेवढंच उरलं होतं. रेषा उठायला लागल्या तसं मला कळत गेलं. पेरू खाऊन वाढलेल्या पिंजऱ्यातल्या माश्यांचं मेण जसंच्या तसं पिंजऱ्याचंच होतं. कोंडा खाऊन वाढलेल्या बागेतल्या माश्यांचं मेण बागेचंच होतं. एक रेषा दुसरीवर ठेवली तर फरक दिसेना. खाण्यानं काही म्हणजे काही बदललं नव्हतं. मी जिंकले होते. यंत्र बंद केलं आणि डोकं टेबलावर ठेवून बसले. तुझ्या खुर्चीकडे बघवेना. जिंकून इतकं ओकंबोकं वाटतं हे मला माहीत नव्हतं, कारण तुझ्याशी मी सहसा जिंकत नसे.

आता परवाचं पुढचं ऐक. सभा संपली, चहा आला. आताचे साहेब मला बाजूला घेऊन गेले. माणूस भला आहे, तुला मानणारा आहे. निकाल मी त्यांना आधीच दाखवला होता. ते म्हणाले की हे मॅडमचं शेवटचं काम. त्यांचं म्हणणं खाण्याच्या बाजूनं होतं हे सगळ्यांना माहीत आहे. हा निकाल आत्ताच कशाला काढायचा? मेलेल्या माणसाला खोटं पाडलं असं दिसेल. मेणाच्या बाकीच्या नोंदी छापू, मॅडमना अर्पण करू, आणि हे एवढं राहू द्या. काही खोटं लिहायचं नाहीच, नुसतं गप्प बसायचं.

मी उत्तर देणार, तेवढ्यात पाठीमागून प्राजू पुढे आली. तुझी लेक. तिनं सगळं ऐकलं होतं. नांदेडला शाळेत शिकवते, आवाज कसा राखायचा ते तिला येतं, पण परवा तिला तो राखता आला नाही. "मावशी, जन्मभर भांडलात," ती म्हणाली. "आता तरी आईला जिंकू द्या."

प्राजूच्या बाजूला तिचे वडील, दाजी, उभे होते. ते खाली बघत म्हणाले, तुमाला पटंल ते करा. तेही तिच्याच बाजूचे होते हे मला समजलं. मी एवढंच म्हणाले की प्राजू, उद्या प्रयोगशाळेत ये.

परवाची संध्याकाळ मी स्वतःशी भांडण्यात घालवली. गप्प बसणं अवघड नव्हतं. कुणाचं नुकसान नव्हतं, निदान लगेच नव्हतं. लेकीचं मन राहिलं असतं. पण मग कुणी तरी तुझा शब्द प्रमाण धरून पेरूचा गर उकळत बसलं असतं, नर पुन्हा वाया गेले असते, आणि येलदरीचा तो बागवाला पुन्हा फवारणीचा पंप पाठीवर घेऊन उभा राहिला असता. त्याहून मोठं म्हणजे, तुझ्या नावाचा आधार घेऊन एक चुकीची गोष्ट उभी राहिली असती. जिनं भर बैठकीत उठून व्हॅसलीनचं नाव घेतलं तिच्याच नावाचा. हे मला जमणारं नव्हतं. मला शंका नव्हती. फक्त प्राजूला काय सांगायचं ते कळत नव्हतं.

काल सकाळी ती आली. डोळे सुजलेले, ओठ घट्ट. मी भाषण केलं नाही. तुझ्या खोलीत नेलं, तुझ्या खुर्चीवर बसवलं आणि म्हणाले, तुझ्या आईनं नको असलेला निकाल पाहिला की ती काय करायची ते आपण करू. आम्ही काचा धुतल्या. तुझ्या पद्धतीनं, पुन्हा पुन्हा. मग आधी नुसतं हेक्झेन चालवलं, कुठे काही घाण नाही ना बघायला. रेषा सपाट आली. मग तू राखून ठेवलेलं अर्धं मेण काढलं. कुपीवरच्या चिठ्ठीत तुझं अक्षर दिसलं तेव्हा तिचा हात थांबला. मी ती कुपी तिच्या हातून घेतली नाही. तिनंच ती यंत्रात ठेवली.

पडद्यावर शिखरं उठत गेली. मी तिला ती वाचायला शिकवलं, तू मला शिकवलीस तशी, थोरला आणि मागची बारकी. पोरगी तुझ्यावर गेलीय, लवकर उमजलं तिला. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली की पेरू खाऊनही तस्सं. मी हो म्हणाले.

मग तिनं विचारलं, तुम्हाला इतकी खात्री कशावरून. मी खरं ते सांगितलं. म्हणाले, हे नमुने माझ्या हातचे असते तर मी इतकं छातीठोक बोलले नसते. तुझ्या आईच्या हातचे आहेत म्हणून बोलतेय.

तिला रडू फुटलं. म्हणाली, "आई म्हणायची, जन्मावर काई नसतंय. आमाला सगळ्यांना हेच सांगून तिनं शिकवलं. अन् आता तिच्याच कामातनं उलटं निघायलंय."

मला जे येलदरीच्या बागेत तुला सांगता आलं नव्हतं ते काल तिला सांगता आलं. मी म्हणाले, तुझी आई चुडाव्याच्या गाडीत बसून इथे आली, या खुर्चीवर बसली, आणि मी सेलूच्या खात्यापित्या घरची तिच्याकडून काच धुवायला शिकले. तिचं म्हणणं तिनं जगून दाखवलंय. त्याला माशीची साक्ष कशाला पाहिजे? माशी तिच्या वाणावर जाते तर जाऊ दे. आपल्याला माशी व्हायचंय का?

ती रडता रडता हसली. मग नाक पुसून, तुझ्यासारखीच कमरेवर हात ठेवून म्हणाली, "छापा मग. पण नाव आईचं पहिलं."

सुनंदे, मी रडतेय असं शोकसभेतल्या बाईंना वाटलं होतं. त्यांनी मला काल पाहायला हवं होतं. तुझ्या यंत्राच्या खोलीत, जिथे शिंकायलासुद्धा तुझी परवानगी लागायची, तिथे आम्ही दोघी गळ्यात गळा घालून रडलो. सगळे नमुने आधी झाकून ठेवले होते, काळजी करू नकोस.

मला तुझी फार आठवण येते. माझं इतकं कुणी खोडून काढलं नाही, आणि खोडून काढताना इतक्या नीट कुणी ऐकलंही नाही. घरचे माझं ऐकतात ते माझी सवय झाली म्हणून. तू ऐकायचीस ते मोडायला, आणि म्हणूनच तुझ्यासमोर विचार करून बोलावं लागायचं. आता मी एखादं विधान केलं की लोक माना डोलवतात. त्याची भीती वाटते. आयुष्यात जी दोनचार पक्की वाक्यं माझ्या हातून लिहून झाली ती तू तोडायला बसली होतीस म्हणून पक्की झाली. ही कृतज्ञता तुझ्या तोंडावर बोलले असते तर तू म्हणाली असतीस, "लय झालं, नमुना तापायलाय." म्हणून बोलले नाही. आता तापायला काही नाही, ऐकून घे.

लेख आज लिहून झाला. तुझं नाव पहिलं, माझं दुसरं. साहेबांनी वाचला, दोनदा वाचला, आणि निकालावर आता त्यांचं काही म्हणणं नाही. म्हणाले, नावाआधी कै. लावा. मी नाही लावणार म्हणाले. कैलासवासी झालेल्या माणसाशी भांडता येत नाही, आणि मला ती सोय हवी आहे.

कारण तू काय करशील हे मला पुरतं ठाऊक आहे. तू हा निकाल स्वतः छापशील, एक अक्षर न वगळता. आणि छापून झाल्यावर दुसऱ्याच दिवशी चुडाव्याच्या गाडीतून उतरताना म्हणशील की पेरू जास्त पिकलेले घेतले होते, अर्धकच्चे घेऊन परत करू. आलं ते छापायचं आणि मग त्याच्याशी भांडायचं, ही तुझी रीत. मी म्हणेन, तू कधी हरलेलं मानतच नाहीस. तू म्हणशील, मानायला आधी पटायला नको का.

म्हणून लेखाच्या शेवटी, आभाराच्या वर, मी एक ओळ घातली आहे. साहेब म्हणाले, असं कुणी लिहीत नाही, काढा. मी काढली नाही. प्राजूला वाचून दाखवली, तिनं मान हलवली. ती ओळ अशी: पहिल्या लेखिकेला हा निष्कर्ष मान्य नाही.